सहीशिक्क्याचं भूत

इतिहासातल्या खऱ्या माणसांच्या मागे भुतं लावून देणाऱ्या कादंबऱ्यांचं मला फार जुनं वेड आहे. या प्रकाराची गंमत एका ओळीत सांगता येते आणि पहिला घोटाळाही तिथेच होतो. अमका सम्राट म्हणजे तीनशे वर्षं जगलेला व्हँपायर होता. तमक्या लढाईचा निकाल तोफांनी नाही, थडग्यांतून उठून आलेल्यांनी लावला. फलाण्या राणीचा प्रधान दिवसा माणूस आणि रात्री लांडगा. ऐकताना कान टवकारतात. पुस्तक घेऊन बसावं तर पन्नासाव्या पानाच्या आत लेखकाची शिदोरी संपलेली असते. पुढची तीनशे पानं नुसते रक्ताचे पाट. तरी मी नवं पुस्तक उचलतेच. अट्टल वाचकाला लाज नसते.

हे आजकालचं खूळ आहे असं म्हणणाऱ्यांना मी लिव्हीकडे पाठवते. रोमचा हा इतिहासकार आपल्या नवव्या भागात मध्येच थांबतो आणि विचारतो, अलेक्झांडर पूर्वेऐवजी पश्चिमेला वळला असता तर? मग सेनापती तोलून बघतो, सैन्याची ताकद मोजतो आणि रोमच जिंकलं असतं असा निर्वाळा देतो. (रोमन माणूस दुसरं काय म्हणणार!) पण याच लिव्हीच्या इतिहासात आकाशातून दगडांचा पाऊस पडतो, बैल माणसासारखा बोलतो, आणि या बातम्या रीतसर सिनेटपुढे येऊन त्यांच्या शांतीची व्यवस्था लावली जाते. ‘असं झालं असतं तर’ आणि ‘अघटित घडलं’ हे दोन्ही एकाच माणसाच्या एकाच ग्रंथात सुखाने नांदत होते. त्यांची फारकत आपण नंतर केली.

भूत आणि सरकारी कागद यांचं हाडवैर असतं असं आपण धरून चालतो. मला तर त्यांचं साटंलोटं दिसतं. १७१८ च्या तहानंतर उत्तर सर्बियाचा पट्टा ऑस्ट्रियाकडे आला. पलीकडे तुर्की मुलूख, अलीकडे सीमेच्या राखणीला बसवलेले हाजदुक, म्हणजे अर्धे शेतकरी आणि अर्धे शिपाई. १७३१-३२ च्या हिवाळ्यात मेद्वेजा नावाच्या गावात माणसं पटापट दगावू लागली. गावकऱ्यांचं म्हणणं एकच, मेलेले परत येतायत. सुरुवात काही वर्षांपूर्वी अर्नोल्ट पाओले नावाच्या हाजदुकापासून झाली, गवताच्या गाडीवरून पडून मान मोडून मेला तो. जिवंत असताना तो सांगायचा की तुर्की मुलखात आपल्याला एका व्हँपायरने छळलं होतं आणि सुटका व्हावी म्हणून आपण त्याच्या थडग्यावरची माती खाल्ली.

अशा वेळी साम्राज्याने काय करावं? लष्करी सर्जन धाडला. योहान फ्ल्युकिंगर त्याचं नाव. त्याने एकेक थडगं उघडलं आणि लिहून घेतलं: नाव, वय, किती दिवसांचं आजारपण, पुरून किती दिवस झाले, आत काय दिसलं. मिलित्सा नावाची साठीची बाई होती. तिला ओळखणारे शपथेवर सांगत होते की ही जन्मभर काटकुळी, वाळलेली. थडग्यात मात्र चांगली अंगाने भरली होती. स्ताना नावाची विशीतली बाळंतीण होती, दोनेक महिन्यांपूर्वी पुरलेली, पण शरीर शाबूत आणि रक्त पातळ. तपासणी संपल्यावर तिथल्या रोमा (जिप्सी) लोकांकडून ‘संशयितां’ची मुंडकी छाटून घेतली, सगळं जाळून राख मोरावा नदीत सोडली. जी प्रेतं शिस्तीत कुजलेली आढळली, ती पुन्हा आपापल्या जागी नीट पुरली. खाली तारीख, २६ जानेवारी १७३२, आणि सह्या.

मी हा अहवाल भाषांतरातून वाचला आणि घाबरले ती त्याच्या सुराने. गोदामातली पोती मोजून चांगली इकडे, भिजलेली तिकडे लावावीत तसं त्या सर्जनचं लिहिणं आहे. एक उद्गार नाही, की अंगावर काटा आल्याचा उल्लेख नाही. कुजताना सुटणाऱ्या वायूने प्रेत फुगतं, थंडीत कुजण्याला वेळ लागतो, गोठलेलं रक्त पुन्हा पातळ होऊ शकतं, हे आज आपल्याला माहीत आहे. त्याला नव्हतं. त्याने डोळ्यांना दिसलं ते प्रामाणिकपणे लिहिलं आणि त्या प्रामाणिकपणाच्या जोरावर व्हँपायर त्याच वर्षी युरोपभरच्या वर्तमानपत्रांत जाऊन बसला.

पुढची गोष्ट आणखी मजेची. १७५५ मध्ये मोराव्हियात असंच एक प्रकरण झालं, तेव्हा ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिने आपला राजवैद्य गेरार्ड व्हान स्विटेन याच्याकडून अहवाल मागवला. त्याने सगळा प्रकार अज्ञानाच्या खाती टाकला आणि सम्राज्ञीने परस्पर प्रेतं उकरून जाळण्यावर बंदी घातली. म्हणजे युरोपातल्या एका बलाढ्य घराण्याने व्हँपायरांविरुद्ध खरोखरची मोहीम काढली होती, आणि शस्त्र म्हणून वापरलं ते फर्मान. ही घटना कादंबरीत घातली तर संपादक म्हणेल, बाई, जरा ताणलंय.

भूत व्हायला माणूस मेलेलाच हवा असंही नाही. १८१५ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि पुढच्या वर्षी युरोपचा उन्हाळाच बुडाला. जिनिव्हाच्या सरोवराकाठी पावसाने कोंडून घातलेल्या मंडळींत इंग्रज कवी लॉर्ड बायरन होता आणि त्याचा विशीतला डॉक्टर जॉन पॉलिडोरी होता. बायरनने अर्ध्यावर सोडलेल्या एका कथेचं बीज घेऊन पॉलिडोरीने पुढे आपली कथा लिहिली. तिच्यातला व्हँपायर गावठी, सुजलेला, मातीने माखलेला नाही. तो उमराव आहे, देखणा आहे, बायका त्याच्यावर भाळतात आणि संपतात. मालकाशी बिनसल्यावर पदरच्या डॉक्टरने काढलेलं हे मालकाचंच चित्र, हे तेव्हाही लोकांनी ओळखलं होतं. १८१९ मध्ये कथा छापून आली ती बायरनच्या नावावर! बायरन हयात होता, आपलं नाही म्हणून हात झटकत होता. खरा माणूस घ्या आणि त्याला पिशाच्च करा, हा खेळ इंग्रजी व्हँपायरकथेच्या जन्मापासूनचा आहे, आणि तो खेळणाऱ्याचा त्यात स्वार्थ असतो हेही तेव्हापासूनच दिसतं.

स्वार्थ म्हटला की मला रशियन उमराव युसुपोव्ह आठवतो. डिसेंबर १९१६ मध्ये पेत्रोग्राडमधल्या आपल्या राजवाड्यात त्याने आणि त्याच्या साथीदारांनी रासपुतिनला, झारच्या घराण्यावर छाप असलेल्या त्या साधूला, ठार मारलं. या खुनाची जी हकीकत जगभर पसरली ती मुख्यतः खुन्यांनीच लिहिलेली. सायनाइड घातलेले केक खाल्ले, काही झालं नाही. वर वाइन प्यायला, काही झालं नाही. गोळी घातली, पडला, आणि मग एकाएकी डोळे उघडून त्याने युसुपोव्हचा गळा धरला. शवविच्छेदनात मात्र तीन गोळ्या दिसतात, त्यांतली एक कपाळात. बाकी सगळा मसाला आठवणींच्या पुस्तकातला.

युसुपोव्हला हे भूत कशाला लागत होतं, ते सरळ आहे. घरी जेवणखाणाला बोलावलेल्या एका नि:शस्त्र पाहुण्याला अनेकांनी मिळून मारणं याला खून म्हणतात. पाहुणा विषाने मरत नसेल, गोळी खाऊन उठत असेल, त्याच्या डोळ्यांत सैतान दिसत असेल, तर तो खून राहत नाही. देव्हाऱ्यात ठेवण्यालायक पुण्यकर्म होतं. पुढे १९३२ च्या एका अमेरिकन चित्रपटात रासपुतिन एका राजकन्येला भ्रष्ट करतो असं दाखवलं. ही राजकन्या म्हणजे आपणच, असं सांगत युसुपोव्हच्या पत्नीने लंडनमध्ये निर्मात्या एमजीएमवर बदनामीचा दावा लावला, १९३४ मध्ये जिंकला आणि २५,००० पौंड वसूल केले. ‘सर्व पात्रे काल्पनिक आहेत’ ही पाटी सिनेमांच्या कपाळी बसण्यात या खटल्याचा मोठा वाटा आहे. रासपुतिनच्या बाजूने कोण उभं राहणार? इंग्रजी कायद्यात मेलेल्याला अब्रूच नसते. त्याला शिंगं लावा, शेपूट लावा, फुकट.

रासपुतिन साधूसंत होता असं मला म्हणायचं नाही. पण त्याला नरकातून आलेला दाखवणारी प्रत्येक गोष्ट नकळत युसुपोव्हची वकिली करते. एवढंच नाही, ती झारचीही करते. महायुद्धात लाखो सैनिक कापले गेले, शहरांत पावासाठी रांगा लागल्या, आणि या सगळ्याचं खापर एका दाढीवाल्याच्या मंतरलेल्या नजरेवर! सोयीचं आहे. राजाच्या बुद्धीला झपाटलं होतं म्हटलं की राजाची बुद्धी तपासायला नको.

या प्रकारच्या कादंबऱ्यांत माझं जिथे बिनसतं ती जागा हीच. भूत इतिहासात येतं आणि येताना माणसाचं पाप आपल्या डोक्यावर घेऊन जातं. अमेरिकेतले मळेवाले मुळात व्हँपायर होते आणि गुलाम म्हणजे त्यांचं अन्न, अशी एक लोकप्रिय कल्पना आहे. रूपक म्हणून झणझणीत, मान्य. पण १८६० च्या जनगणनेत तिथे जवळजवळ ४० लाख माणसं गुलाम होती, आणि त्यांना विकणारे, गहाण ठेवणारे, त्यांचा विमा उतरवणारे लोक रविवारी चर्चला जात होते, मुलांची लग्नं लावत होते. त्यांना सुळे फुटले की वाचक सुटतो. आपण काही रक्त पीत नाही, तेव्हा आपला त्यांच्याशी संबंध काय?

नाझींच्या बाबतीत तर हे फारच स्वस्त झालंय. हिमलरला गूढविद्येचं वेड होतं हे खरं. त्याच्या लोकांनी जुन्या चेटकीण-खटल्यांची तेहेतीस हजारांवर कार्डं भरली होती, हेही खरं. एवढ्या भांडवलावर लेखकमंडळी बर्लिनच्या तळघरात राक्षस बोलावून मोकळी होतात. मला अशा वेळी २० जानेवारी १९४२ ची वानझेची बैठक आठवते. तळ्याकाठचा बंगला, टेबलाभोवती १५ अधिकारी, निम्म्याहून अधिकांच्या नावामागे डॉक्टरेट. युरोपभरच्या ज्यूंचं काय करायचं यावर सुमारे दीड तास चर्चा, देशवार आकड्यांचा तक्ता, नंतर आइशमनने तयार केलेलं टिपण. त्या टेबलाशी सोळावी खुर्ची मांडून तिच्यावर सैतान बसवला तर ते पंधराही जण त्याचे हुजरे होऊन जातात. हुजऱ्याची शिक्षा नेहमीच कमी असते.

मग भुताने इतिहासात यावं तरी कुठून? माझं उत्तर एका कागदावर आहे. सर जॉन फ्रँकलिन १८४५ मध्ये ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही दोन जहाजं घेऊन आर्क्टिकमधून वायव्य मार्ग, म्हणजे अटलांटिकहून पॅसिफिकला जाणारी समुद्रवाट, शोधायला निघाला. १२९ माणसं बर्फात गेली, एकही परतला नाही. त्यांची बित्तंबातमी देणारा एकच महत्त्वाचा कागद किंग विल्यम बेटावर दगडांच्या ढिगात मिळाला, तोही १८५९ मध्ये. नौदलाचा छापील फॉर्म आहे तो. ज्याला सापडेल त्याने लंडनला पोचवावा अशी विनंती सहा भाषांत छापलेली. मधल्या कोऱ्या जागेत मे १८४७ ची नोंद आहे, जहाजं कुठे आहेत, हिवाळा कुठे काढला, आणि शेवटी ‘ऑल वेल’. सगळं ठीक. मग त्याच फॉर्मच्या कडेकडेने, समासात, कागद फिरवत फिरवत लिहिलेली पुढच्या एप्रिलची नोंद: जहाजं सोडली, ९ अधिकारी आणि १५ खलाशी मेले, उरलेले १०५ जण ‘टेरर’चा कप्तान क्रोझियर याच्या हाताखाली दक्षिणेकडच्या नदीकडे निघतोय. फ्रँकलिन ११ जून १८४७ ला वारला. म्हणजे ‘ऑल वेल’नंतर जेमतेम दोन आठवड्यांनी.

आणि त्या पहिल्या, सगळं ठीक असलेल्या नोंदीत एक चूक आहे. बीची बेटावरचा हिवाळा त्यांनी १८४५-४६ चा काढला होता, लिहिलंय १८४६-४७. नौदलाचे शिस्तीचे अधिकारी, तारखा लिहिण्यात जन्म गेलेला, खाली सह्या, आणि चक्क वर्ष चुकतं. भूत शिरायला मला एवढी फट पुरे. त्या बर्फावर वर्षांचा हिशेब कुणी सरकवला? या एका चुकीवर मी अख्खी कादंबरी आनंदाने वाचेन.

पण फ्रँकलिनच्या गोष्टीतही ती जुनी खोड आलीच. १८५४ मध्ये जॉन रे या शोधप्रवाशाने आर्क्टिकमधल्या मूळच्या इन्युइट लोकांकडून ऐकलेलं नौदलाला कळवलं की गोरी माणसं उपासमारीने मेली आणि शेवटी शेवटी त्यांनी आपल्याच मेलेल्या सोबत्यांचं मांस खाल्लं. लंडन हादरलं. चार्ल्स डिकन्सने आपल्या साप्ताहिकात लेख लिहून सांगितलं की इंग्लिश नाविक असं करूच शकत नाहीत, आणि इन्युइटांच्या शब्दावर विश्वास कशाला ठेवा. कोण जाणे, त्यांनीच हल्ला केला असेल. राक्षस हवाच होता, तो शेजारून आणला. पुढे सापडलेल्या हाडांवर सुरीचे वार निघाले. २०२४ मध्ये डीएनएवरून ओळख पटलेला एक जबडा ‘एरेबस’चा कप्तान जेम्स फिट्झजेम्स याचा निघाला, आणि त्याच्यावरही तेच वार. समासातल्या त्या शेवटच्या नोंदीखाली याची सही आहे. जहाजंही २०१४ आणि २०१६ मध्ये मिळाली, आणि शोध लागण्यात इन्युइटांच्या तोंडी चालत आलेल्या माहितीचा हात होता. आता बर्फावर कुणी कितीही भयंकर श्वापद सोडावं, माझी ना नाही. सुरी मात्र माणसाच्याच हातात राहिली पाहिजे.

अशी कथा कशी असावी याचं मला सुचणारं उदाहरण आपल्याच इतिहासात तयार पडलंय. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ गर्दीत दिसेनासे झाले. प्रेत मिळाल्याचं, शुजाउद्दौल्याच्या पुढाकाराने अंत्यसंस्कार झाल्याचं सांगणारे होते; तरी भाऊ जिवंत आहेत ही आशा मेली नाही. पार्वतीबाईंनी १७८३ मध्ये डोळे मिटेपर्यंत स्वतःला विधवा मानलं नाही. आणि मग तो आला, ‘मी भाऊ’ म्हणत. थोरल्या माधवरावांच्या काळात चौकशी होऊन तो तोतया ठरला, कैदेत पडला. १७७६ मध्ये रत्नागिरीहून सुटला, कोकणातले किल्ले त्याच्या हाती जाऊ लागले, माणसं हजारोंनी त्याच्याभोवती गोळा झाली. शेवटी पकडून त्याला पुण्यात मारण्यात आलं. सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण होता तो, असं इतिहास सांगतो. मीही ते मानते.

पण क्षणभर दुसरं धरून चालू. समजा तो भाऊच होता. जिवंत नव्हे, पानिपतावर मेलेलाच. पंधरा वर्षांनी चालत आलेला. आता १७७६ सालचं पुणे डोळ्यांपुढे आणा. पेशव्यांच्या गादीवर दोन वर्षांचे सवाई माधवराव. राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला. पुरंदरचा तह नुकता झालेला. कारभार नाना फडणीसांच्या हाती, आणि तोही एका सुतावर लटकलेला. नाना स्वतः पानिपताहून जीव वाचवून आलेले, भाऊंना जवळून पाहिलेले. अशा वेळी समोर उभं राहतं ते बोलतं भाऊंसारखं, भाऊ आणि नाना या दोघांखेरीज कुणालाच ठाऊक नसलेली गोष्ट सांगतं, आणि थंडीत त्याच्या तोंडातून वाफ निघत नाही. नानांना कळतं. तोतया असता तर प्रश्न सोपा होता. हा खरा आहे, म्हणूनच राज्याला परवडणारा नाही.

इथे भूत नानांचं ओझं उचलत नाही, दुप्पट करतं. निवाडा त्यांनाच लिहायचा आहे: तोतया, देहदंड. पंच बसतील, साक्षी होतील, कारकून नेहमीसारखा लेखणीला टोक करून लिहून घेईल. आणि पार्वतीबाईंना काय सांगायचं हेही नानांनाच ठरवावं लागेल.

माझ्या एका मित्राला ही कल्पना अजिबात पटली नाही. तो म्हणतो, यात पर्यायी इतिहास कुठाय? राज्य तेच, देहदंड तोच, पुढचा मराठी-इंग्रज संघर्षही तोच. वाचकाला भाऊ शनिवारवाड्याच्या तटावर उभा हवा, हातात भाला आणि मागे पानिपतावरचं अख्खं मेलेलं सैन्य. ते चित्र मलाही दिसतं, आणि कबूल करते की मुखपृष्ठ झकास होईल. पण माझ्या गोष्टीत दफ्तरातला एक कागद बदलत नाही, तरी त्यातल्या प्रत्येक सहीचा अर्थ बदलतो. याला पर्यायी इतिहास म्हणायचं की नाही यावर आमचं भांडण अजून चालू आहे, आणि तो तसूभर हटलेला नाही.